चढला तो उतरला नाही

१

शटलचा मागचा डबा परत आला तो रिकामाच.

ठकी फलाटाच्या टोकाला, काचेच्या शेवटच्या दाराशी उभी होती. बोगद्याच्या काळोखातून दिवे जवळ आले, गाडी मंदावली, थांबली आणि दारं सरकली. पुढच्या डब्यातून चारदोन प्रवासी बॅगा ओढत उतरले. मागच्या डब्यात चिटपाखरूही नव्हतं. आणीबाणीच्या दारापाशी फक्त एक पांढरी काठी पडलेली होती. गाडी थांबली त्या हिसक्याने ती गडगडत आली आणि उंबऱ्यापाशी अडकली.

बाबांची काठी.

ठकीने ती उचलून छातीशी धरली.

विमानतळाच्या रेल्वे स्टेशनापासून टर्मिनलपर्यंत जमिनीखालून धावणारी ही दोन डब्यांची, बिनचालकाची गाडी. एकच गाडी, दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. वाटेत थांबा नाही, फाटा नाही. मघाशी ठकी इथेच, रेल्वे स्टेशनावर, सामान देण्याच्या काउंटरवर रांगेत उभी होती आणि तिचे बाबा मागे खांबाआडच्या बाकावर बसले होते. बाबांना जन्मापासून दिसत नव्हतं; डोळ्यांवर कायम काळा चष्मा. सगळा जन्म त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढला होता.

"हलू नका हं इथून," ती म्हणाली होती.

"हलून जातो कुठे? मला काय फलक वाचता येतात?" बाबा म्हणाले होते.

तिने पुन्हा मागे पाहिलं तेव्हा बाक रिकामा होता. आणि तिकडे शटलच्या फलाटावर विटकरी कोट चालला होता. तो कोट तिने स्वतः शिवलेला. कपडे शिवणं हाच तिचा धंदा, आणि गर्दीत बाप हरवू नये म्हणून मुद्दाम निवडलेला तो भडक रंग. विटकरी कोट, करडी टोपी, पांढरी काठी. चूक होणं शक्यच नव्हतं.

"बाबा! अहो बाबा, थांबा!" ओरडत ती धावली. कोट मागच्या डब्यात शिरला. मान वळलीसुद्धा नाही. दार मिटलं. ती काचेवर थाप मारणार इतक्यात कुणीतरी तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं होतं.

"बाई, जीव नकोसा झालाय का?" इकडचा स्टेशन मॅनेजर होता तो. लालबुंद चेहऱ्याचा, सतत कुणावर तरी खेकसणारा.

तोच मॅनेजर आता काठीकडे पाहत फोनवर बोलत होता. "विटकरी कोट... हो, म्हातारे गृहस्थ... काय म्हणता? नीट बघा ना राव!" त्याने फोन खाली केला. चेहऱ्याची लाली उतरली होती.

"टर्मिनलच्या फलाटावर असं कुणी उतरलंच नाही म्हणतायत."

२

त्याच गाडीने, ती अगदी संथ सोडायला लावून, मॅनेजर तिला टर्मिनलला घेऊन गेला आणि गाडी तिथेच थांबवून ठेवण्यात आली. बोगद्यातून जाताना ठकी काचेला डोळे लावून उभी होती. बाहेर ओली भिंत, केबलींचे गुंते आणि रुळांच्या कडेने गेलेली एक अरुंद पायवाट. त्या पायवाटेवर बाबा चाचपडत असतील, या विचाराने तिच्या अंगावर काटा येत होता. हातात काठीसुद्धा नाही.

टर्मिनलच्या कंट्रोल रूममध्ये तिची वाट पाहत एक पोलीस अधिकारी बसल्या होत्या. वजनाने भारी, गुडघेदुखीने त्रस्त. या ठिकाणी जो तो धावत असतो. धावत नसत त्या फक्त या बाई. म्हणून सगळा विमानतळ त्यांना माघारी 'सावकाशबाई' म्हणायचा, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"बस," सावकाशबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांना मीच बोलावलं होतं. तेव्हा ही माझी जबाबदारी आहे."

गेल्या महिन्यात बाबा मुलाकडून परतताना याच शटलच्या फलाटावर खांबामागे बसले होते. त्या दिवशी एक तरुण इंजिनिअर मुलगी काचेची भिंत संपते त्या फलाटाच्या टोकावरून रुळांवर पडली आणि गेली. पाय घसरला, अपघात, असं ठरलं. बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं की तिचं कुणाशी तरी कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि ती पडण्याआधी झटापटीचा आवाज झाला. ऐकून घेणारा पोलीस हसला होता. 'आजोबा, तुम्ही काय पाहिलंत?'

सावकाशबाईंची बदली इथे झाली ती त्यानंतर. त्यांनी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "माणसाचा आवाज एकदा कानावरून गेला की मी विसरत नाही. समोर बोलवा, सांगतो." आज संध्याकाळी बापलेक पुन्हा मुलाकडे विमानाने निघणार होते. त्याआधी बाबांनी तिघांचे आवाज ऐकायचे, असं ठरलं होतं. फलाटाच्या त्या टोकाला जायची परवानगी तिच्याखेरीज तीनच माणसांना होती.

"तिघांनाही कल्पना होती, बाबा आज येणार म्हणून?" ठकीने विचारलं.

"मीच दिली होती," सावकाशबाई म्हणाल्या. "तिघेही आत्ता या इमारतीत आहेत. त्यातल्या एकाने त्या पोरीला ढकललं असेल, तर तुझे बाबा कुठे आहेत हेही त्यालाच ठाऊक असणार."

३

पहिला, कंट्रोल रूमचा माणूस. पडद्यांसमोर बसून गाडी चालवणारा. बारीक, घामाघूम, बोटांची नखं कुरतडलेली.

"वाटेत गाडी थांबली होती का?" सावकाशबाईंनी विचारलं.

"नाही."

"खोटं बोललास तर मला कळत नाही. पण तुला मात्र रात्री झोप यायची नाही. एक म्हातारा माणूस आहे रे."

तो रडकुंडीला आला. "थांबली होती. बोगद्याच्या मध्यावर. मागच्या डब्यात आणीबाणीचा दांडा ओढला कुणीतरी. मी चहा घेत होतो. वळून पाहतो तर लाल दिवा. मी काही करायच्या आत दांडा परत जागेवर बसला आणि गाडी आपोआप निघाली. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

"मागच्या डब्यातल्या कॅमेऱ्यात काय दिसलं?"

"तो कॅमेरा दुरुस्तीसाठी काढून ठेवलाय."

ठकीने डोळे मिटून घेतले. म्हणजे बाबांनी चाचपडत दांडा ओढला, दार उघडलं, आणि आलं स्टेशन असं समजून त्या काळोखात पाऊल टाकलं.

दुसरा, स्टेशन मॅनेजर. तो बसायलाही तयार नव्हता. "वर हजारभर माणसं खोळंबलीत, मॅडम! विमानं चुकतायत! बोगद्यात माणसं पाठवा, दोन्ही बाजूंनी बघून घेऊ द्या, पण गाडी सुरू करा! किती वेळ अडवून धरणार?"

"आणि माझे बाबा रुळांवर असले तर?" ठकी किंचाळली. "गाडी सुरू करायची नाही! मी रुळांवर झोपेन, पण गाडी हलू देणार नाही!"

मॅनेजरने तोंड फिरवलं. त्या क्षणी ठकीला वाटलं, हाच तो. याला माझे बाबा गाडीखाली यायला हवे आहेत.

तिसरा होता दुरुस्ती विभागाचा प्रमुख. लहानथोर सगळे त्याला 'भाऊ' म्हणायचे. नारिंगी जाकीट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पिकलेल्या मिशा, आवाज अगदी मऊ. तो आल्या आल्या ठकीसाठी पाण्याची बाटली घेऊन आला.

"मी सकाळपासून टर्मिनललाच आहे, मॅडम. कळल्याबरोबर माझी माणसं गोळा केली," तो म्हणाला. मग ठकीसमोर गुडघ्यावर बसला. "ताई, धीर सोडू नका. बोगद्यात कोनाडे आहेत, खड्डे आहेत. वरवर बघून चालायचं नाही. घाईगडबडीत एखादा कोपरा राहायचा. आपण या टोकापासून सुरुवात करू आणि इंच न् इंच शोधू. लागू दे लागेल तो वेळ. वडलांना काही आजार वगैरे?"

आणि तेव्हा ठकीला आठवलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"इन्सुलिन," ती म्हणाली. "आगगाडीतून उतरता उतरता त्यांनी सुई घेतली. टर्मिनलला पोचलो की लगेच जेवणार होतो. डबा माझ्याकडेच आहे. त्यांच्या पोटात काही नाही. साखर उतरली की ते बेशुद्ध पडतील. आणि मग..."



"अरेरे," भाऊ म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग तर आता देवावरच भरवसा." तो उठला, विजेऱ्या घेतलेली माणसं बरोबर घेतली आणि बोगद्यात उतरला.

४

वाट पाहणं म्हणजे काय ते ठकीला त्या खोलीत कळलं. पडद्यावर विजेऱ्यांचे ठिपके गोगलगायीसारखे पुढे सरकत होते. वायरलेसवर मधूनमधून भाऊचा मऊ आवाज यायचा. "कोनाडा पाहिला. काही नाही. पुढे सरकतोय." मांडीवरचा डबा तिने घट्ट धरून ठेवला होता.

"रेल्वे स्टेशनावरचं चित्रण परत लाव," सावकाशबाई कंट्रोलवाल्याला म्हणाल्या.

पडद्यावर विटकरी कोट दिसला. पाठमोरा, काठी हलवत चाललेला. फलाटावर कुणी पाणी सांडलं होतं आणि तिथे ओल्या फरशीची पिवळी पाटी उभी केलेली होती. कोट तिच्यापाशी आला, डावीकडे वळला, पाटीला वळसा घालून पुढे गेला.

"थांबव. मागे घे." सावकाशबाई पडद्याजवळ सरकल्या. "पुन्हा."

तीनदा पाहून झालं.

"पोरी, काठी पाटीला लागली का?"

ठकी पाहत राहिली. काठी हवेतच होती. पाटीच्या आधी दोन पावलं माणूस वळला होता.

"नाही लागली," ती पुटपुटली. "पण मग त्यांना कळलं कसं, की तिथे..."

"तेच तर. ज्याला दिसत नाही तो पाटीला काठी लागल्याशिवाय वळेल कसा?" बाई म्हणाल्या. "आणि तू हाक मारलीस तेव्हा किती अंतर होतं?"

"दहा-बारा हात असेल."

"सगळा जन्म कानांवर काढलेल्या माणसाला लेकीची हाक ऐकू आली नाही?"

ठकी पडद्याला नाक लावून पाहू लागली. आता बाप नव्हे, नुसता कोट पाहिला. आणि मग जे तिला केव्हाच दिसायला हवं होतं ते दिसलं.

"बाह्या," ती म्हणाली. "बाह्या आखूड होतायत. मनगटं उघडी आहेत. मी माप घेऊन शिवलाय हो तो कोट. बाबांना तो पंजापर्यंत येतो. हा माणूस उंच आहे. बाई, हे माझे बाबा नाहीत!"

वायरलेस खरखरला. "अजून काही नाही. पुढे सरकतोय."

"आता टर्मिनलचं लाव," सावकाशबाई म्हणाल्या. "तीच खेप."

दारं उघडली. पुढच्या डब्यातून बॅगावाले उतरले. मागच्या डब्यातून एकच जण उतरला. नारिंगी जाकीट, डोक्यावर कामगाराची टोपी, हातात कचऱ्याची काळी पिशवी. तो मान खाली घालून कडेकडेने निघून गेला.

"आपण सगळे विटकरी कोट शोधत बसलो," सावकाशबाई सावकाश म्हणाल्या. "इथे नारिंगी जाकिटं पैशाला पासरी. त्यांच्याकडे बघतो कोण? पण मला सांग, हा गडी रेल्वे स्टेशनावर चढताना दिसला का तुला?"

कंट्रोलवाल्याने चित्रण पुन्हा मागे नेलं, पुढे नेलं. मागच्या डब्यात फक्त विटकरी कोट चढला होता.

"एक जण चढला तो उतरला नाही. एक जण उतरला तो चढलाच नव्हता," बाई म्हणाल्या. "म्हणजे दोघं नव्हतेच. माणूस एकच होता. कोट, टोपी, काळा चष्मा, सगळं त्या पिशवीत गेलं. काठी तेवढी मुद्दाम मागे टाकली. दांडा ओढला, आपली समजूत व्हावी की म्हातारा बोगद्यात उतरला. पण ओढलेला दांडा जागेवर बसवायला काय लागतं?"

"किल्ली," कंट्रोलवाला म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "ती दोघांकडेच असते. मॅनेजरसाहेब आणि..."

"गाडी सुटली तेव्हा मॅनेजरने माझं मनगट धरलं होतं," ठकी म्हणाली. "ते फलाटावर माझ्याजवळ होते."

पडद्यावरचा नारिंगी जाकीटवाला सरकत्या जिन्यापाशी क्षणभर वर बघत होता. पिकलेल्या मिशा स्पष्ट दिसत होत्या.

दारात उभा असलेला स्टेशन मॅनेजर खुर्चीचा आधार घेत बसला. "भाऊ? अहो, तो सकाळपासून टर्मिनललाच होता म्हणाला ना?"

"म्हणाला. तुम्ही मघापासून घाई घाई करत होतात, आणि ही पोर तुमच्यावर संशय घेत होती. घाई नव्हती ती भाऊला. त्याला वेळ हवा होता. आणि याच खोलीत त्याने हिच्याकडून ऐकलं की नुसता वेळ काढला तरी पुरे, म्हातारा आपोआप संपेल."

ठकीच्या डोक्यावर मघाशी ठेवलेला तो हात तिला पुन्हा जाणवला आणि तिने केसांवरून तळहात खसाखसा पुसला.

"मग बाबा कुठे आहेत?"

"जिथून हललेच नाहीत तिथे. रेल्वे स्टेशनावर. आपण सगळे चुकीच्या टोकाला बसलोय."

५

रस्त्याने वळसा घालून जायचं तर वरच्या गर्दीतून आणि दोन पुलांवरून. तितका वेळ बाबांकडे नव्हता.

"शटल सुरू करा," ठकी म्हणाली. मघाशी जिने रुळांवर झोपायची धमकी दिली तीच ती. "हात जोडते, गाडी सुरू करा!"

कंट्रोलवाल्याने वायरलेसवर सांगितलं, "सगळ्यांनी पायवाटेवर भिंतीला पाठ लावून उभं राहा. गाडी येते आहे." भाऊचा आवाज लगेच आला. "गाडी? कशाला? कुणी सांगितलं?" त्या आवाजातला मऊपणा गेला होता. कंट्रोलवाल्याने वायरलेस बाजूला ठेवला.

गाडी निघाली. डब्यात ठकी, सावकाशबाई, मॅनेजर, विमानतळाचा एक डॉक्टर आणि दोन शिपाई. बोगद्यात माणसं असल्यामुळे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. खिडकीबाहेर भिंतीला चिकटून उभी असलेली नारिंगी जाकिटं एकेक करून मागे जात होती. विजेऱ्यांच्या उजेडात डोळे दिपलेले चेहरे.

शेवटचा चेहरा भाऊचा होता.

काचेपलीकडे तो इतका जवळ होता की त्याच्या मिशांवरचा घाम दिसत होता. त्याने आत पाहिलं. ठकीला पाहिलं, मांडीवरचा डबा पाहिला, डॉक्टरची पेटी पाहिली. मग गाडी कुठे चालली आहे तिकडे पाहिलं. त्याचं तोंड किंचित उघडलं.

आणि तो पळू लागला. गाडीच्याच दिशेने, गाडीच्या बरोबरीने. खिडकीत तो दिसायचा, मागे पडायचा, पुन्हा दिसायचा. कमरेच्या किल्ल्या खळाखळा वाजत होत्या.

"बाई, तो येतोय! आपल्या आधी पोचला तर?"

"पळू दे," सावकाशबाई म्हणाल्या. त्यांचा हात मात्र ठकीच्या हातावर घट्ट आवळला होता. "बोगद्याला तोंडं दोनच. या टोकाला हे दोन शिपाई उभे राहतील. ए पोरांनो, ऐकलंत ना? आला की धरायचा, बोलत बसायचं नाही."

उजेड आला. फलाट आला. दारं सरकायच्या आतच ठकीने बोटं घालून ती ओढायला सुरुवात केली.

६

बाकामागे खांब, खांबामागे एक राखाडी दार, दारामागे कामगारांची लांबलचक बोळ. बोळीच्या दोन्ही बाजूंना बंद खोल्या. पंप, वायरी, झाडू, रंगाचे डबे, सगळ्यांना कुलपं. आणि किल्ल्या बोगद्यात पळत होत्या.

"बाबा!" ठकी ओरडली. वरून आगगाड्यांच्या घोषणा कोसळत होत्या, सरकते जिने घरघरत होते, पंखे घोंघावत होते. त्या कल्लोळात तिची हाक तिलाच नीट ऐकू येईना.

"सगळं बंद करा," सावकाशबाई मॅनेजरला म्हणाल्या.

"सगळं म्हणजे?"

"आवाज करणारं सगळं."

मॅनेजरने एकदाही विमानांचं नाव काढलं नाही. भिंतीवरच्या पेटीकडे धावला आणि एकामागून एक खटके पाडू लागला. घोषणा अर्ध्यावर तुटल्या. जिने थांबले. पंखे घरघरत मंदावले. फलाटावरची माणसं बावरून वर पाहू लागली. इतक्या मोठ्या स्टेशनात अशी शांतता पसरली की कुणाचं तरी घड्याळ ऐकू येत होतं.

"बाबा, मी ठकी. ऐकताय ना? काहीतरी वाजवा, बाबा. कशावरही मारा."

काही नाही.

ती दारामागून दाराला कान लावत गेली. थंड पत्रा. पुन्हा थंड पत्रा. दूर बोगद्याच्या तोंडाशी आरडाओरडा झाला, कुणीतरी आपटल्याचा आवाज आला, किल्ल्या फरशीवर विखुरल्या. ठकीने वळून पाहिलं नाही.

"बाबा, अहो, बोला ना..."

टक्.

इतकं बारीक की भास वाटावा.

टक्. टक्.

"इथे!" तिने पंपाच्या खोलीचं दार दोन्ही हातांनी बडवलं. मॅनेजरने आग विझवायचा लोखंडी नळकांडं उचललं आणि कुलपावर घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडी तुटली.

बाबा जमिनीवर बसलेले होते, सदऱ्यात, हात पाठीमागे पाइपाला बांधलेले, तोंडात बोळा. घामाने निथळत होते. मान छातीवर पडली होती. फक्त बोटातली अंगठी पाइपावर अजून आपटत होती, आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नसतानाही.

ठकीने बोळा काढला. "बाबा?"

ते काहीतरी असंबद्ध पुटपुटले. जीभ जड झाली होती. डॉक्टरने तिला बाजूला सारलं, बोटाने साखरेचं दाट औषध त्यांच्या हिरड्यांना आतून चोळलं, दंडात सुई टोचली. मॅनेजर गुडघे टेकून त्यांच्या हातांची दोरी सोडवत होता आणि ओक्साबोक्शी रडत होता. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. ठकीला वाटलं, उशीर झाला.

मग बाबांनी मान उचलली. "ठके," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "इतकं शांत का झालंय गं? मेलोबिलो नाही ना मी?"

७

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सावकाशबाई आल्या. जिना चढून आल्यामुळे आधी पाच मिनिटं नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या.

भाऊच्या कपाटात ती काळी पिशवी जशीच्या तशी सापडली होती. फलाटाची काचेची दारं सारखी अडकून गाडी खोळंबायची, म्हणून दारात माणूस आहे की नाही हे ओळखणारी यंत्रं भाऊने गुपचूप बंद करून टाकली होती. वर त्याचं कौतुक झालं होतं, याच्या हाताखाली गाडी कशी वेळेवर धावते म्हणून. त्या इंजिनिअर मुलीने ते पकडलं आणि तिचा जीव गेला.

"तुम्हाला आवाज ओळखू आला नाही का हो, बाकावरून नेताना?" बाईंनी विचारलं.

"तो बोललाच नाही. कुजबुजला. 'लेकीने बोलावलंय, घसा बसलाय माझा, चला.' कुजबुजताना सगळेच सारखे वाटतात. आणि माझी गाढवाची अक्कल, निघालो मागोमाग." बाबांनी कपाळ चोळलं. "त्याला धरल्यावर तो काही बोलला?"

"तोंडातून अक्षर काढत नाही. तुम्ही ऐकाल म्हणून असेल. पण आता न बोलून सुटका नाही त्याची."

त्या उठल्या, तरी गेल्या नाहीत. दाराकडे पाहून म्हणाल्या, "बाहेर एक बाई बसल्यात. त्या मुलीची आई. मी यायला सांगितलेलं नाही. तुमची तब्येत बरी नाही म्हणालात तर परत जातील."

"अहो, आत पाठवा त्यांना," बाबा म्हणाले.

त्या आल्या. ठकीने पुढे केलेल्या स्टुलावर अगदी कडेला बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"तुम्ही ऐकलंत तिला," त्या म्हणाल्या. "शेवटचं. मला कुणी सांगितलंच नाही ती काय बोलत होती ते. पाय घसरला म्हणाले आणि तिची पर्स दिली माझ्या हातात. ती घाबरली होती का हो?"

ठकीने बाबांचा हात धरला. ते थकले होते, बोलू नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाबा उशीवर ताठ बसले.

"घाबरला होता तो. तुमची मुलगी नाही," ते म्हणाले. "तिचा आवाज चढलेला होता, पण हलत नव्हता. शब्द ऐकायचेत?"

आईने मान हलवली. मग यांना दिसत नाही हे लक्षात येऊन घाईने म्हणाल्या, "हो. सांगा."

बाबांनी क्षणभर ओठ मिटले. मग बोलले. आवाज त्यांचाच होता, म्हातारा, खरखरीत. पण शब्दांवरचा भर, मध्ये घेतलेला श्वास, वाक्याच्या शेवटाला दिलेला तो तरुण, तापलेला हेलकावा त्यांचा नव्हता.

"'उद्या त्या दारात एखादं लेकरू अडकेल ना, तेव्हा गाडी वेळेवर गेली म्हणून सांगाल का त्याच्या आईला? मी आजच वर जाऊन सांगणार. सांगणार म्हणजे सांगणार.'"



"'सांगणार म्हणजे सांगणार,'" आई हळूच म्हणाल्या. "असंच म्हणायची. दोनदा म्हटल्याशिवाय तिला चैनच पडायची नाही. हट्टी कार्टी." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या ते पुसत नव्हत्या. स्टूल त्यांनी पलंगाजवळ ओढलं, बाबांच्या अगदी तोंडाशी कान नेला आणि डोळे मिटून घेतले.

"परत एकदा म्हणा," त्या म्हणाल्या.